स्टोमाधारकांचे पुनर्वसन : समदुःखितांची सोबत

मुंबईच्या परळ भागातील टाटा मेमोरियल रुग्णालय आणि बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातील युसूफ वडगाव यांच्यामध्ये चारशे किलोमीटरांहून अधिक अंतर आहे. गुदाशयाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झालेला रुग्ण हे अंतर कापून गावी परततो, तेव्हा त्याच्या पोटावर एक लालसर, ओलसर तोंड आणि त्यावर चिकटविलेली पिशवी असते. टाके निघालेले असतात, औषधांची चिठ्ठी खिशात असते. रुग्णालयाच्या दप्तरी तो बरा होऊन गेलेला असतो. घरच्यांच्या लेखीही जीव वाचला, हेच मोठे असते. असे असूनही तो माणूस पुढे कित्येक महिने पारावर येऊन बसत नाही, लग्नकार्याला जाण्याचे टाळतो आणि घरातही इतरांपासून हातभर दूर सरकून बसतो. पोट भरून जेवले की पिशवी भरते, म्हणून तो जेवणच तोडतो.

शल्यचिकित्सकाचे काम येथे संपलेले असते. यापुढे रुग्णाला जे प्रश्न पडतात ते लाजेचे, वासाचे, कष्टाच्या कामाचे, पतिपत्नींच्या सहवासाचे आणि देवपूजेचे असतात. बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत उभे राहून ते विचारता येत नाहीत. तीच पिशवी वर्षानुवर्षे लावून शेती, नोकरी आणि संसार करीत असलेली दुसरी एखादी व्यक्ती भेटली, तर मात्र ते आपोआप विचारले जातात. स्टोमाधारकांनी स्टोमाधारकांस आधार देण्याची पद्धत जगभर रुजली ती या अनुभवातून. महाराष्ट्रात तिचा आरंभ मुंबईत झाला असला, तरी तिची खरी निकड आहे ती मुंबईपासून दूर असलेल्या गावांत.

स्टोमा म्हणजे काय

स्टोमा या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ तोंड असा आहे. मलमूत्राचा नैसर्गिक मार्ग काढून टाकावा लागला, किंवा काही काळ त्याला विश्रांती द्यावी लागली, तर शल्यचिकित्सक आतड्याचे टोक पोटाच्या भिंतीतून बाहेर आणून तेथे शिवतात. मोठ्या आतड्याच्या अशा तोंडास कोलोस्टॉमी म्हणतात, लहान आतड्याच्या तोंडास इलिओस्टॉमी. मूत्राशय काढावे लागल्यास लघवीसाठी जे तोंड करण्यात येते ती युरोस्टॉमी होय. या तोंडास स्नायूंचे नियंत्रण नसल्यामुळे मल अथवा मूत्र रुग्णाच्या इच्छेविना बाहेर येते आणि म्हणून पिशवी लावावी लागते.

केवळ कर्करोगामुळेच स्टोमा करावा लागतो, हा समज चुकीचा आहे. विषमज्वरात आतड्याला छिद्र पडणे, आतड्याचा क्षयरोग, आतड्याला पीळ बसणे, रस्त्यावरील अपघात, बैलाचे शिंग पोटात घुसणे, अशा अनेक कारणांनी खेड्यापाड्यांतील धडधाकट माणसांवरही हा प्रसंग येतो. त्यांपैकी पुष्कळांचा स्टोमा तात्पुरता असतो व काही महिन्यांनी दुसऱ्या शस्त्रक्रियेने बंद करता येतो. जन्मतः गुदद्वार नसलेल्या अर्भकांचा एक गट निराळाच आहे. साधारणतः पाच हजार जन्मांमागे एका बालकात गुदद्वाराचा जन्मजात दोष आढळतो आणि त्यांतील अनेकांना जन्मल्यानंतर एक-दोन दिवसांतच स्टोमाची गरज पडते. तेव्हा हा विषय वृद्धांचा वा शहरांचा नाही, आणि तो सांसर्गिक तर मुळीच नाही.

एका शेजारणीपासून घडलेला व्यवसाय

गुदाशयाच्या कर्करोगात कायमची कोलोस्टॉमी करण्याची शस्त्रक्रिया इंग्लंडमधील अर्नेस्ट माइल्स यांनी १९०८ साली प्रसिद्ध केली. तिच्यामुळे रोगी वाचू लागले. मात्र वाचलेल्यांनी दिवस कसे काढायचे, याचे उत्तर त्यानंतर जवळजवळ अर्धे शतक कोणापाशी नव्हते. कापडाच्या घड्या, रबरी पिशव्या, पट्टे आणि टिनची भांडी यांवर काम भागविले जात असे आणि सोलवटलेली कातडी ही जणू त्या शस्त्रक्रियेची ठरलेली किंमत होती.

परिस्थिती बदलली ती रुग्णांनी आणि त्यांच्या आप्तांनी हातपाय हलविल्यामुळे. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयात ‘क्यू’ आणि ‘टी’ या कक्षांत राहून गेलेल्या रुग्णांनी १९५१च्या सुमारास एकत्र येऊन आपला गट स्थापन केला आणि त्याला कक्षांचीच अक्षरे दिली. डेन्मार्कमध्ये एलिझ सोरेन्सन या परिचारिकेने १९५४ साली, स्टोमा झालेली आपली बहीण थोरा लोकांत जाण्यास घाबरते हे पाहून, एकदा वापरून टाकून देता येईल अशा चिकट पिशवीची कल्पना मांडली. आज जगभर वापरल्या जाणाऱ्या पिशव्यांचे मूळ त्या कल्पनेत आहे.

या साऱ्यांत नॉर्मा गिल यांची हकीकत अधिक सविस्तर सांगण्याजोगी आहे. अमेरिकेच्या ओहायो राज्यातील या गृहिणी. आतड्याच्या दीर्घ व्याधीनंतर १९५४ साली क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये डॉ. रूपर्ट टर्नबुल यांनी त्यांची इलिओस्टॉमी केली. बरे वाटू लागल्यावर त्या आपल्या परिसरातील अशाच रुग्णांच्या घरी जाऊ लागल्या, पिशवी बसवून दाखवू लागल्या, धीर देऊ लागल्या. त्यांच्याजवळ परिचर्येची कोणतीही पदवी नव्हती. त्यांचे काम पाहून १९५८ साली डॉ. टर्नबुल यांनी त्यांना रुग्णालयातच नेमले आणि १९६१ साली तेथे या विषयाचे रीतसर प्रशिक्षण सुरू झाले. पुढे १९७८ साली अशा प्रशिक्षित परिचारिकांची जागतिक परिषद मिलान येथे स्थापन झाली, तेव्हा पहिल्या अध्यक्षपदाचा मान नॉर्मा गिल यांच्याकडे आला. रुग्णालयांतील ‘स्टोमा-परिचारिका’ हे पद रोगातून उठलेल्या एका बाईने शेजाऱ्यापाजाऱ्यांना केलेल्या मदतीतून निर्माण झाले आहे, ही गोष्ट पदांची मंजुरी देणाऱ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

डॉ. टर्नबुल यांनी त्या काळात स्टोमाभोवतालच्या कातडीच्या रक्षणासाठी जो डिंक वापरला, तो कराया डिंक प्रामुख्याने भारतातून जात असे. महाराष्ट्राच्या कोरड्या डोंगरांवर पांढऱ्या खोडामुळे दुरूनही ओळखू येणारा कांडोळ वृक्ष तो देतो. वनवासींनी गोळा केलेला डिंक परदेशी गेला, तेथून चकत्यांच्या रूपाने परतला आणि त्या चकत्या गोळा करणाऱ्यांच्याच आवाक्याबाहेरच्या ठरल्या. आता त्याची जागा बहुतांशी पेक्टिन, जिलेटिन आदी पदार्थांच्या मिश्रणांनी घेतली आहे.

रुग्णांच्या निरनिराळ्या संस्थांची आंतरराष्ट्रीय संघटना १९७५ साली अस्तित्वात आली. त्याच दशकात मुंबईत ‘ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया’ या संस्थेचे काम सुरू झाले. स्वतः स्टोमा असलेल्या स्वयंसेवकांनी नव्या रुग्णांना भेटणे, त्यांच्या नातेवाइकांशी बोलणे आणि साहित्य मिळवून देण्यास साहाय्य करणे, असे या कार्याचे स्वरूप राहिले आहे. टाटा मेमोरियल रुग्णालयात स्वतंत्र स्टोमा चिकित्सालय असून परिचारिकांना या विषयाचे प्रशिक्षणही तेथे दिले जाते.

भेटीची रीत

स्टोमाधारकाने नव्या रुग्णास भेटणे वरवर पाहता सोपे वाटते. प्रत्यक्षात ते शिस्तीचे काम आहे. भेटणाऱ्याची स्वतःची शस्त्रक्रिया होऊन पुरेसा काळ लोटलेला असावा आणि त्याने स्वतःचा स्टोमा मनाने स्वीकारलेला असावा. ज्याचे स्वतःचेच दुःख ताजे आहे, तो दुसऱ्याच्या खाटेशी बसून आपलेच गाऱ्हाणे सांगू लागतो. शक्यतो स्त्रीला स्त्रीने, तरुणाला तरुणाने आणि इलिओस्टॉमीवाल्याला इलिओस्टॉमीवाल्यानेच भेटावे. रुग्णाची संमती आणि डॉक्टरांची अनुमती यांशिवाय जाऊ नये.

पहिल्या भेटीत बोलण्यापेक्षा दिसण्याचे महत्त्व अधिक. रुग्णाची नजर पाहुण्याच्या सदऱ्याखाली अथवा पदराआड पिशवी शोधत असते आणि ती तिला सापडत नाही. समोरचा माणूस नेहमीच्या कपड्यांत आहे, एस.टी.ने प्रवास करून आला आहे, खाटेजवळ बसून चहा पीत आहे आणि वास येत नाही, एवढे पाहिल्यानंतर तासभराच्या उपदेशाची गरज राहत नाही. रुग्णाने विचारल्याविना आपला स्टोमा उघडून दाखवू नये; विचारले तर संकोचही करू नये.

खोटा धीर देणे हा या कामातील मोठा दोष होय. ‘काही होत नाही, सवय होते,’ असे सांगून पाहुणा उठून गेला आणि चौथ्या दिवशी पिशवी गळली, की रुग्णाचा सर्वांवरचाच विश्वास उडतो. पिशवी कधीतरी गळणारच, हे आधीच सांगून टाकावे. कापडी पिशवीत एक तयार चकती, एक पिशवी, ओले फडके आणि एक जादा कपडा सतत बरोबर असला, तर तो प्रसंग निभावता येतो, हेही त्याच वेळी सांगावे. पिशवी तिसरा हिस्सा भरली की रिकामी करावी. काठोकाठ भरू दिली, तर वजनाने चकती सुटते. चकतीचे भोक स्टोमाहून दोन-तीन मिलिमीटरच मोठे कापावे. शस्त्रक्रियेनंतरची सूज सहा ते आठ आठवड्यांत ओसरते, म्हणून या काळात माप पुनःपुन्हा घ्यावे. कातडी सोलवटण्याचे कारण बहुधा या मापात असते. स्वच्छतेसाठी अंघोळीचे साधे पाणी पुरते. तेल, स्पिरिट किंवा जंतुनाशक औषधे लावू नयेत.

औषधांविषयी भेटणाऱ्याने मत देऊ नये. स्टोमा हात लावला असता दुखत नाही, पुसताना रक्ताचा थेंब आला तर घाबरू नये, हे तो सांगू शकतो. परंतु स्टोमाचा रंग जांभळा वा काळा पडला, किंवा पोट फुगून पिशवीत काहीच आले नाही, तर तत्काळ रुग्णालयात जावे, याहून अधिक त्याने बोलू नये.

रुग्णाच्या पत्नीशी वा पतीशी स्वतंत्रपणे बोलणे आवश्यक असते. पुष्कळ घरांत पिशवी बदलण्याचे काम पत्नी मुकाट्याने अंगावर घेते आणि रुग्ण स्वतः त्याकडे पाहतही नाही. आरंभी ही मदत योग्यच. पण हात चालत असूनही महिनोन्‌महिने ती चालू राहिली, तर दोघेही घरात अडकून पडतात.

धर्माचा प्रश्न हमखास निघतो. देवघरात जावे काय, वारीला चालावे काय, असे प्रश्न वृद्ध रुग्ण दबक्या आवाजात विचारतात. इस्लामी धर्मशास्त्रात सतत स्राव असलेल्या व्यक्तीस प्रत्येक नमाजाच्या वेळी नव्याने वजू करून नमाज अदा करण्याची मुभा आहे. गावातील कीर्तनकार अथवा मौलवी यांनी आपणहोऊन अशा घरी जाऊन दोन शब्द बोलल्यास त्यांचे जे वजन पडते, ते आरोग्य खात्याच्या पत्रकाचे पडणार नाही.

मराठवाड्याच्या मातीत

शहरात तयार झालेल्या माहितीपत्रकांत केज तालुक्यातील उन्हाळ्याचा उल्लेख नसतो. पत्र्याच्या घरात ठेवलेल्या चकत्यांचा चिकटपणा उन्हाने बिघडतो. त्या घरातील सर्वांत थंड कोपऱ्यात, पण ओल लागणार नाही अशा ठेवाव्यात. घामाने चकती लवकर सुटते, तेव्हा वैशाखात ती हिवाळ्यापेक्षा अधिक वेळा बदलावी लागेल, हे धरूनच साठा करावा. इलिओस्टॉमी असलेल्या व्यक्तीस उन्हाळा अधिक धोक्याचा, कारण तिच्या शरीरातून पाण्याबरोबर मीठही जात असते आणि नुसते पाणी पिऊन ही तूट भरून निघत नाही. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ, हे अतिसारावरील परिचित मिश्रण शेतावर जाताना बरोबर असावे. अशा व्यक्तीने ज्वारीची भाकरी खुशाल खावी. मात्र मक्याचे कणीस, शेंगदाणे, शेवग्याच्या शेंगा यांचा चोथा आतड्याच्या तोंडाशी अडकू शकतो. पहिले काही आठवडे हे पदार्थ टाळावेत आणि नंतर थोडे थोडे, बारीक चावून खावेत.

सर्वांत अवघड प्रश्न ऊसतोडीचा आहे. बीड जिल्ह्यातून दर वर्षी दिवाळीच्या आगेमागे हजारो कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात ऊस तोडण्यासाठी जातात. या कामाचा हिशेब माणशी होत नाही. पती-पत्नीची जोडी म्हणजे एक कोयता, आणि मुकादमाकडून मिळणारी उचल त्या कोयत्यावर असते. जोडीतील एकाच्या पोटावर स्टोमा झाला, की मोळी डोक्यावर घेऊन शिडीने वाहनात चढविणे त्यास धोक्याचे ठरते. स्टोमाशेजारून आतडे बाहेर येऊन अंतर्गळ होण्याची भीती असते. पोटाला पट्टा बांधून हलकी कामे करता येतात, परंतु अर्धा कोयता म्हणून कोणी उचल देत नाही. मग दुखणे लपवून मोळी उचलली जाते, किंवा कुटुंब घरी बसते. येथे नुसत्या धीराने भागत नाही. गावातच शेळीपालन, दुकान, शिलाई असे काम मिळवून देण्याचा विचार पंचायत सदस्यांनी अशा कुटुंबासाठी प्राधान्याने करावयास हवा.

सोबत जुळवून कशी द्यावी

लपविण्याच्या वृत्तीमुळे एका गावातील स्टोमाधारकास शेजारच्या गावात आपल्यासारखाच कोणी आहे, हे ठाऊक नसते. ज्याला ते ठाऊक असते, तो म्हणजे रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षक किंवा शस्त्रक्रिया विभागाची परिचारिका. अंबाजोगाई येथील स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय आणि शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय ही या भागातील रुग्णांची स्वाभाविक ठिकाणे होत. स्टोमाधारकांच्या फेरतपासणीसाठी महिन्यातील एकच वार ठरविला, तरी ते एकमेकांस रांगेतच भेटतील. यासाठी इमारतही नको, अनुदानही नको. बाके मात्र भिंतीकडे तोंड करून न मांडता समोरासमोर मांडावीत. ज्यांची तयारी आहे, त्यांचे दूरध्वनी क्रमांक त्यांच्या संमतीने नव्या रुग्णास देता येतील. युसूफ वडगावच्या माणसाला मुंबईच्या स्वयंसेवकापेक्षा आडस किंवा बनसारोळ्याच्या शेतकऱ्याचे बोलणे अधिक पटेल, हे सांगावयास नको.

पिशव्यांच्या खर्चाचा प्रश्न याहून बिकट आहे. शस्त्रक्रिया शासकीय योजनेतून होऊ शकते, पिशवी मात्र कायमच्या स्टोमाधारकास जन्मभर लागते. महात्मा ज्योतिबा फुले जन आरोग्य योजनेखाली आपल्या बाबतीत काय मिळू शकते, याची विचारणा घरी जाण्यापूर्वीच रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे करावी. ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावयाची असते. परंतु दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ यात जे २१ प्रकार नमूद आहेत, त्यांत स्टोमाचा निर्देश नाही. ही उणीव लहान नाही. ती दूर होईपर्यंत पंचायतीला आपल्या अधिकारात एवढे करता येईल की, आरोग्य केंद्र, शाळा, बसथांबा आणि पंचायत कार्यालय येथील किमान एका शौचालयास आतून कडी, नळ, कपडे अडकविण्याची खुंटी आणि साहित्य ठेवण्यास एक फळी असावी. पिशवी बदलणाऱ्यास दोन्ही हात मोकळे लागतात. वापरलेली पिशवी रिकामी करून, कागदात गुंडाळून टाकण्यासाठी झाकणाचा डबाही तेथे असावा. ती शौचकूपात टाकल्यास तो तुंबतो.

आशा कार्यकर्तीने अशा घरी जाताना गल्लीत विचारपूस करीत जाऊ नये आणि आपल्या वहीत नावापुढे असे काही लिहू नये, जे दुसऱ्याने सहज वाचावे.

शिक्षकांकडे एक काम राहते. जन्मतः दोष असलेल्या ज्या बालकांचा स्टोमा पुढे बंद केला जातो, त्यांतील काहींना शाळेत जाण्याच्या वयातही शौचावर पुरते नियंत्रण आलेले नसते. अशा मुलास वर्गात दाराजवळची जागा द्यावी आणि हात वर करून परवानगी न मागता बाहेर जाण्याची मुभा असावी. त्याच्या जादा कपड्यांची पिशवी गुरुजींच्या कपाटात ठेवली, तर ती कशासाठी आहे, हे इतर मुलांना सांगत बसण्याचे कारण नाही. कवायतीतून वा खेळातून त्याला परस्पर वगळू नये. काय झेपते, ते त्याच्या आईस विचारावे. आणि तीन-चार दिवस मूल शाळेत आले नाही, तर गैरहजेरी मांडण्यापूर्वी घरी जाऊन यावे.